फर्निचरवाल्यांनो, आधी वाळवण शिका



सातारा-सांगलीकडच्या फर्निचरवाल्यांचा फोन वर्षातून दोनदा जास्त वाजतो. एकदा जुलै-ऑगस्टमध्ये आणि एकदा मार्च-एप्रिलमध्ये. पावसाळ्यात गिऱ्हाईक म्हणतं, "अहो मिस्त्री, कपाटाचं दार बसंना झालंय." उन्हाळ्यात तेच गिऱ्हाईक म्हणतं, "टेबलाला फट पडलीय, खालची फरशी दिसतीय." दोन्ही वेळेला आपलं उत्तर ठरलेलं असतं: "लाकूड आहे हो, होतंच थोडं."

हे उत्तर खरं आहे. पण माझ्या मते आपल्या भागातल्या सॉलिड वुडच्या धंद्याचं सगळ्यात जास्त नुकसान याच उत्तराने केलंय. गिऱ्हाईक ते ऐकतं, गप्प बसतं आणि पुढच्या वेळी मॉड्युलरच्या शोरूममध्ये जातं. वर शेजाऱ्यांना सांगतं, "खऱ्या लाकडाच्या नादी लागू नका." व्हिडिओत वेळेअभावी हा विषय अर्धाच झाला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. फर्निचरचा धंदा सुरू करायचा विचार असेल, तर हे वाचल्याशिवाय पहिली ऑर्डर घेऊ नका.

वाळवण आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मे महिन्यात गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड पडतात. बचत गटातली ताई अर्धवट वाळलेला पापड पिशवीत भरत नाही. भरला तर आठ दिवसांत बुरशी येणार आणि गिऱ्हाईक कायमचं जाणार, हे तिला पक्कं माहीत असतं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळकुंड मोडून बघतात, कसं तुटतंय यावर वाळण ओळखतात. सोयाबीन हमीभाव केंद्रावर नेलं तर आधी मशीनने ओलावा मोजतात. १२ टक्क्यांची अट होती, २०२४ च्या नोव्हेंबरात ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, आणि या तीन टक्क्यांसाठी केवढी ओरड झाली होती ते आठवा. म्हणजे सोयाबीनच्या पोत्याचा ओलावा आपल्याला तोंडपाठ असतो. आणि त्याच गावात एखादा नवा पोरगा वखारीतून सागाच्या फळ्या उचलतो, घनफुटाला चार आकडी भाव मोजतो आणि ओलाव्याचं एक अक्षर विचारत नाही. मला हे पटत नाही.

लाकूड हलतं म्हणजे नेमकं काय होतं

लाकूड तोडल्यावर मरतं, पण हवेतला ओलावा घेणं आणि सोडणं थांबवत नाही. ज्या खोलीत ठेवाल तिथल्या हवेशी ते हळूहळू जुळवून घेतं. साधारण ३० अंश तापमानाला हवेची आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडात १२ टक्क्यांच्या आसपास ओलावा मुरतो. आर्द्रता ८० वर गेली की लाकूड १६ कडे सरकतं, ९० टक्क्यांच्या हवेत पडून राहिलं तर २० पर्यंत. उलट आपल्याकडच्या एप्रिलमधल्या कोरड्या दुपारी आर्द्रता ३० च्या घरात येते, तेव्हा लाकूड ६-७ टक्क्यांकडे निघालेलं असतं. अर्थात जाड लाकूड एका दिवसात एवढं बदलत नाही, त्याला आठवडे लागतात. पण आपला पावसाळा चार महिन्यांचा आहे, त्याला घाई नाही.

ओलावा वाढला की लाकूड फुगतं, कमी झाला की आकसतं. आणि हे सगळीकडून सारखं होत नाही, हे नीट लक्षात ठेवा. फळी लांबीत जवळजवळ हलतच नाही. हलते ती रुंदीत. म्हणून पलंगाची लांबी कधी वाढत नाही, पण टेबलाचा टॉप रुंदीला पसरतो. साग हा यातला शहाणा. पूर्ण ओला असल्यापासून पूर्ण कोरडा होईपर्यंत तो रुंदीत अडीच ते सहा टक्के आकसतो, फळी कशी कापलीय त्यावर ते ठरतं. बरीच लाकडं याहून जास्त आकसतात. तरी हिशोब करून बघा. सागाचा तीन फुटी रुंद टॉप आहे, ओलावा उन्हाळ्यातल्या ८ वरून पावसाळ्यातल्या १४-१५ वर गेला, तर तो टॉप आठ-दहा मिलिमीटरने वाढतो. जवळजवळ एक सेंटीमीटर! आता हा टॉप तुम्ही खालच्या फ्रेमला चारही बाजूंनी स्क्रू आवळून जाम केला असेल तर काय होईल? एक तर फ्रेमचा सांधा उकलेल, नाही तर टॉप मध्ये फाटेल किंवा पन्हाळीसारखा वाकेल.

"साग आहे, काही होत नाही" असं सांगणारे मिस्त्री मला अजून भेटतात. सागाला होतं. फक्त कमी होतं. आणि सागाच्या नावाखाली पांढरा भाग घातलेला असेल तर भुंगाही लागतो, खाली भुसा पडतो, ती वेगळीच गोष्ट.

आपल्या दोन जिल्ह्यांची खोड

पुण्यामुंबईच्या व्हिडिओत फर्निचरवर जे सांगतात, ते आपल्याला जसंच्या तसं चालत नाही. कारण आपल्याकडे एकाच जिल्ह्यात दोन हवामानं आहेत. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यात दहिवडीकडे पाचशेच्या आसपास. रस्त्याने शंभर-सव्वाशे किलोमीटरचं अंतर. सांगलीतही तेच. शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीचा पाऊस, आणि जत-आटपाडीला टँकर. कराडमध्ये वर्कशॉप टाकलेल्या माणसाला एका महिन्यात पाटणची ऑर्डर येते आणि विट्याचीही. दोघांना तो एकच डिझाइन, एकच लाकूड, एकच फट ठेवून देतो. मग पाटणचं दार अडकतं आणि विट्याच्या टेबलाला भेग जाते. मिस्त्री म्हणतो लाकूड दगा देतंय. लाकूड दगा देत नाहीये, ते आपल्या नव्या गावाच्या हवेला जुळवून घेतंय.

म्हणून ऑर्डर घेताना माप विचारायच्या आधी गाव विचारा. पुढचा प्रश्न: घर जुनं की नवं? तिसरा: खोली कुठल्या दिशेला, पश्चिमेच्या भिंतीला पाऊस लागतो का? महाबळेश्वरकडे पूर्वी पावसाळ्याआधी घरांच्या भिंतींना गवताची आवरणं बांधायचे, झड भिंतीत मुरू नये म्हणून. तिथल्या माणसाला हा प्रश्न लगेच समजतो. कराड-इस्लामपूरच्या माणसाला थोडं समजावून सांगावं लागतं, एवढंच.

ही गोष्ट नवीन नाही. मेणवलीला, वाईजवळ, नाना फडणवीसांचा वाडा बघायला लोक जातात, 'स्वदेस'चं शूटिंग झालेला घाट बघतात, फोटो काढतात. पुढच्या वेळी अशा कुठल्याही जुन्या वाड्यात गेलात तर खांबाच्या बुडाशी बघा. लाकडी खांब थेट जमिनीत गाडत नसत. खाली दगडी तळखडा असे, खांब त्याच्यावर. जमिनीतली ओल लाकडाच्या तळातून वर चढते, हे त्या कारागिरांना माहीत होतं. आज आपण लाखाचं कपाट करतो, त्याचे पाय कच्चे ठेवतो आणि रोज सकाळी त्या पायांभोवती ओलं पोछा फिरतो.

पॉलिशने सगळं झाकत नाही

आता पॉलिशबद्दल. "वॉटरप्रूफ पॉलिश मारून देतो" असं सांगून ऑर्डर घेणं बंद करा. लाखेचं फ्रेंच पॉलिश असो, मेलामाइन असो किंवा महागडं पीयू, कुठलंही फिनिश ओलाव्याचा वेग कमी करतं. पूर्ण थांबवत नाही. सांडलेला चहा लगेच मुरू नये यासाठी ते उत्तम आहे. पण चार महिने भरून राहिलेल्या दमट हवेसमोर ते फक्त उशीर करतं.

त्यात आपल्याकडची सर्रास सवय म्हणजे पॉलिश फक्त दिसणाऱ्या बाजूला. टॉपची वरची बाजू आरशासारखी, खालची बाजू कोरी. कपाटाची पाठ कोरी, पायांचे तळ कोरे. मग खालची बाजू ओलावा पटापट घेते, वरची घेत नाही, आणि फळी वाकते. जेवढे कोट वर तेवढेच खाली मारले तर मजुरी थोडी वाढते, पण वाकण्याचं निम्मं दुखणं तिथेच मिटतं. फळीच्या टोकांना, म्हणजे जिथे रेषा कापल्या जातात तिथे, एक कोट जादा द्या. लाकूड पाणी सगळ्यात जास्त तिथूनच पितं.

दुसरं काम सांध्यांचं. रुंद फळी जाम आवळायची नाही. टॉपच्या स्क्रूला गोल भोकाऐवजी लांबट भोक ठेवा, म्हणजे टॉप हलला तरी स्क्रू सोबत सरकेल. दाराचं पॅनेल खोबणीत मोकळं बसवा, त्याला गोंद लावू नका. ड्रॉवरची फट महिना बघून ठेवा. एप्रिलमध्ये आठ इंची ड्रॉवर करत असाल तर वर दोन-तीन मिलिमीटर मोकळं सोडा, पावसाळ्यात तो तेवढं भरून काढणार आहे. ऑगस्टमध्ये करत असाल तर अगदी नेमका बसवला तरी चालतो, कारण तो तेव्हा फुगलेलाच असतो. आणि पावसाळ्यात गिऱ्हाईकाच्या दाराला रंधा मारू नका! आज दार छान बसेल, मार्चमध्ये बोटभर फट दिसेल, आणि काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. तेवढ्यापुरती कडेला मेणबत्ती घासा, ऑक्टोबरपर्यंत थांबा.

एवढं सगळं जुन्या सुतारांना येत होतं. हे तरुण पोरांना कुणी सांगितलं नाही, कारण मधली वीस-पंचवीस वर्षं प्लाय आणि सनमायकाची गेली. प्लाय रुंदीला हलत नाही, त्यामुळे हात तसाच जाम आवळायला शिकला. प्लायला मी नावं ठेवत नाही, कपाटाच्या आतल्या कप्प्यांना तो चांगलाच आहे. पण प्लायच्या सवयीने सॉलिड वुड केलं की तक्रार ठरलेली.

खरा अडसर पैशाचा आहे

आतापर्यंतचं ऐकून तुम्ही म्हणाल, सर, वाळलेलं लाकूड वापरा म्हणणं सोपं आहे. बरोबर आहे. उघड्यावर सावलीत फळी वाळवायची तर एक इंच जाडीला एक वर्ष असा जुना अंदाज आहे. नव्या उद्योजकाने दोन-तीन लाखांचं लाकूड वर्षभर नुसतं रचून ठेवायचं आणि खायचं काय? या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय बाकीचा सल्ला पोकळ आहे.

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. टूलकिटसाठी १५ हजार रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज. पहिल्या कर्जाची मुदत १८ महिन्यांची. अनेकजण मला विचारतात, या पैशात लाकूड घेऊन ठेवू का? माझं मत स्पष्ट आहे: सगळे पैसे ओल्या लाकडात घालू नका. हप्ता लगेच सुरू होतो, फळी वर्षाने तयार होते. चौथाई रक्कम वाळवणाला घाला, बाकी काम चालू लाकडावर करा.

चालू लाकूड कुठून आणायचं? एक रस्ता आहे जुन्या वाड्यांचा. सातारा, वाई, मिरज, सांगली, गावोगावी वाडे पाडले जातायत आणि तुळया, खांब, दारं निघतायत. ते लाकूड कित्येक वर्षं वाळलेलं असतं. खिळे काढायला वेळ जातो, करवतीचं पान खराब होतं, पण वाळवणाचा पैसा वाचतो. एकच सावधगिरी: पाडलेलं लाकूड व्यापाऱ्याच्या अंगणात दोन पावसाळे उघड्यावर पडलेलं असेल तर ते परत ओलं झालंय. जुनं आहे म्हणून कोरडं असेलच असं नाही, मोजल्याशिवाय घेऊ नका. दुसरा रस्ता सीझनिंग प्लांटचा. तिथे इंचाची फळी काही दिवसांत किंवा दोन-चार आठवड्यांत वाळवून मिळते. घनफुटामागे भाडं पडतं. तुमच्या वखारवाल्याला विचारा तो कुठे वाळवून घेतो, आणि "सीझन केलंय" एवढ्या शब्दावर विश्वास न ठेवता आकडा मागा.

तिसऱ्या रस्त्याबद्दल मी गेले काही महिने विचार करतोय. तासगाव, कवठेमहांकाळ, जतकडे बेदाण्याची शेडं आहेत. वर छप्पर, बाजू मोकळ्या, आरपार वारा. लाकूड वाळवायला नेमकं हेच लागतं! द्राक्षाचा हंगाम फेब्रुवारीपासून पुढे. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर ते जानेवारी ही शेडं बरीचशी रिकामी असतात आणि हवा कोरडी होत असते. मालकाशी बोलून चार महिने जमिनीवरची जागा भाड्याने मिळते का, विचारायला काय हरकत आहे? बेदाण्याच्या जाळ्यांवर फळ्या ठेवू नका, त्यांना तो भार झेपणार नाही, आणि हंगामाआधी भुसा झाडून जागा स्वच्छ करून द्या, ते खाण्याच्या मालाचं ठिकाण आहे. जमिनीपासून फूटभर वर, प्रत्येक थरामध्ये इंचभर पट्ट्या, त्या पट्ट्या खालून वर एका रेषेत, फळ्यांच्या टोकांना जुना ऑइल पेंट म्हणजे टोकं तडकणार नाहीत. चार महिन्यांत फळी पूर्ण तयार होईलच असं मी म्हणत नाही. पण वखारीतल्या ढिगापेक्षा खूप पुढे गेलेली असेल. ज्या तालुक्यांना आपण दुष्काळी म्हणतो त्यांची कोरडी हवा हे भांडवल आहे, आणि आटपाडी-दहिवडीकडच्या एखाद्या तरुणाला नुसतं लाकूड वाळवून द्यायचा धंदाही सुचायला हरकत नाही. शिराळा-पाटणच्या मिस्त्र्याला तो हवाच आहे.

मिरजेकडे बघा

थांबण्याचे पैसे मिळतात का? सांगली जिल्ह्यातच याचं उत्तर आहे. मिरजेत दीडशे वर्षांहून जास्त काळ सतार-तानपुरे बनतायत. तुणाचं लाकूड कर्नाटकातून, भोपळे मंगळवेढ्याकडून. भोपळा आणि लाकूड नीट वाळल्याशिवाय पुढचं काम होत नाही, कारण तिथे ओलावा लपत नाही, तो थेट कानाला ऐकू येतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मिरजेचा तानपुरा घेणारा कलाकार नुसत्या लाकडाची किंमत देत नाही, कारागिराच्या थांबण्याची देतो, आणि खुशीने देतो. का? कारण त्याला फरक कळतो.

आपल्या डायनिंग टेबलच्या गिऱ्हाईकाला फरक कळत नाही, कारण आपण तो दाखवत नाही. म्हणून माझा आग्रह आकड्याचा आहे. पिनवालं मॉइश्चर मीटर दीड-दोन हजारांपासून मिळतं. मोबाइलच्या कव्हर-चार्जरवर आपण तेवढे उडवतो. मीटर नुसतं वरून टोचायचं नाही, वरचा थर नेहमी कोरडा दाखवतो. फळीचं टोक सहा-आठ इंच कापून टाका आणि ताज्या कापाच्या मध्यभागी टोचा. भारतीय मानक संस्थेचं आयएस २८७ हे मानक याच विषयाचं आहे. त्यात हवेतल्या आर्द्रतेप्रमाणे देशाचे चार विभाग पाडलेत आणि कुठल्या कामाला किती ओलावा चालेल ते ठरवून दिलंय. गिऱ्हाईकासमोर त्याचं नाव घ्या, बोलण्याचा सूरच बदलतो.

मग बिलासोबत एक कार्ड द्या. त्यावर तीनच ओळी: लाकूड कापताना ओलावा किती, माल पोचवताना किती, आणि पोचवला त्या दिवशी त्या खोलीतली आर्द्रता किती. आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल घड्याळ चार-पाचशेला येतं, ते गिऱ्हाईकाला भेट द्या, भिंतीवर लागेल. खाली तुमची सही. एवढ्याने काय होतं? एक म्हणजे पुढे तक्रार आली तर भांडण शब्दांचं राहत नाही. दुसरं म्हणजे तुमच्या शेजारच्या वर्कशॉपला हे कार्ड देता येत नाही, कारण त्याने मोजलेलंच नसतं.

आणि एक भेट आधीच किमतीत धरा. नवरात्र ते दिवाळीच्या दरम्यान, पहिल्या पावसाळ्यानंतरची. बिजागऱ्यांचे स्क्रू बघायचे, ड्रॉवर सारखे करायचे, मेण लावायचं, अर्ध्या तासाचं काम. धरून चाला, टेबल ४५ हजारांचं आहे. तक्रार आल्यावर दोन माणसं, गाडी, पॉलिश आणि बुडालेला दिवस मिळून तीन-चार हजार जातात, वर नाव खराब. आधीच ठरवलेली भेट, त्याच भागातली चार घरं एका दिवसात केली, तर घरामागे पाच-सहाशेत बसते. आणि दिवाळीच्या तोंडावर तुम्ही गिऱ्हाईकाच्या घरात उभे असता, तेव्हा "अहो, देवघराचं पण बघायचं होतं" हे वाक्य हमखास येतं. "गिऱ्हाईक भेटीचे पैसे देत नाही" म्हणणाऱ्यांना मी विचारतो, वेगळे कशाला मागताय? पाण्याचा फिल्टर आणि एसीवाले सर्व्हिसिंग किमतीत धरून विकतातच ना?

गिऱ्हाईकाला काय सांगायचं

यातलं बरंचसं तुम्हाला बोलूनच सांगावं लागेल. छापील सूचना कुणी वाचत नाही. घरातल्या ताईंना, आजोबांना, जो माणूस दिवसभर घरी असतो त्याला सांगा. फर्निचर बाहेरच्या भिंतीपासून तीन-चार बोटं लांब ठेवा, मागे हवा खेळू द्या. पायांना रबराचे किंवा नायलॉनचे बूट. पावसाळ्यात हॉलमध्ये स्टँडवर कपडे वाळत घालू नका, मशीनभर ओल्या कपड्यांतलं दीड-दोन लिटर पाणी खोलीच्या हवेत जातं. जागाच नसेल तर एक खोली ठरवा, तिथे पंखा लावा आणि दार बंद ठेवा. झडीच्या दिवशी खिडक्या बंद, उघडीप पडली की सगळ्या उघड्या आणि कपाटाची दारंही. कपाटात कापूर, कडुनिंब ठेवतात, तो किडीसाठी ठीक आहे, ओलाव्याला त्याचा उपयोग नाही. बुरशीचा पांढरा थर आला तर घाबरू नका, कोरड्या फडक्याने पुसा, वारा द्या. लगेच पॉलिशवाल्याला बोलावू नका, ओल्यावर पॉलिश मारलं की पांढरट पडतं.

नव्या घराचं मात्र ठासून सांगा. वास्तुशांतीची तारीख भटजी ठरवतात, प्लास्टर वाळण्याची तारीख कुणी ठरवत नाही. ओल्या भिंतींच्या घरात, ऐन पावसाळ्यात, साइटवर बसून कपाटं करायची ऑर्डर आली तर माझा सल्ला आहे, नाही म्हणा किंवा दिवाळीनंतरची तारीख द्या. ऑर्डर जाईल, जाऊ दे. ज्याने घेतली त्याचा फोन मार्चमध्ये वाजेल.

सांगलीकरांसाठी आणखी एक. २००५, २०१९, २०२१, तीन पूर बघितलेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. पुरात बुडालेलं पार्टिकल बोर्ड फुगून भुगा होतं, ते परत येत नाही. सॉलिड लाकूड परत येतं, पण घाई केली नाही तरच. चिखल वाळायच्या आत साध्या पाण्याने धुवा. ड्रॉवर, दारं, पाठीमागचा प्लाय काढून वेगळं करा. सावलीत, पंख्याखाली, आठवडेच्या आठवडे. उन्हात टाकलं की वरचा थर आकसतो, आतला ओलाच राहतो आणि फळी फाटते. लोक कर्ज काढून नवं आणायच्या विचारात असतात, अशा वेळी "हे फेकू नका, मी वाळवून जोडून देतो" म्हणणारा माणूस हवा असतो. त्याचे वाजवी पैसे घ्या, लाजू नका.

मीटर विकत घ्यायच्या आधी करायचं एक काम देतो, त्याला पैसे लागत नाहीत. तुमच्याकडच्या फळीचा शंभर ग्रॅमच्या आसपासचा ठोकळा कापा. किराणा दुकानातल्या किंवा सोनाराच्या काट्यावर वजन करा, ठोकळ्यावर तारीख आणि वजन पेन्सिलने लिहा आणि जिथे फर्निचर जाणार आहे त्या घरात ठेवून द्या. दर दोन दिवसांनी वजन. आठ-दहा दिवस आकडा हलला नाही, की लाकूड त्या घराच्या हवेला जुळलं. हलत राहिला तर अजून थांबायचंय. ठोकळा गिऱ्हाईकासमोर ठेवा, वजन त्यांच्याच मुलाला करायला सांगा. पुढच्या व्हिडिओत मीटर कसं धरायचं आणि कार्डाचा नमुना दाखवतो, तोवर निदान पाच नोंदी लिहून ठेवा.